बटन सेलचं झाकण आणि आमची कमिटी

बटन सेलवर चालणाऱ्या घरगुती वस्तूंसाठी उत्पादकांची संघटना स्वतःचा एक सेफ्टी कोड बनवत होती आणि त्या कमिटीत ग्राहकांच्या बाजूने कोणीतरी बसावं म्हणून आमच्या ग्राहक संघटनेला विचारणा झाली, तिथून मी यात आले. मी इंजिनिअर नाही. तक्रारी नोंदवून घेणं आणि त्यांचा पाठपुरावा करणं हे माझं काम, आणि लहान मुलांनी सेल गिळल्याच्या तक्रारी माझ्याकडेच यायच्या म्हणून मीच जावं असं ठरलं. दुकानातून आणलेली वस्तू सुरक्षित असणार असं आपण सगळेच धरून चालतो, पण ते नक्की कुठे ठरतं, कोण ठरवतं, कशाच्या आधारावर, हे बाहेरच्या माणसाला जवळजवळ दिसतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी धोका काय ते सांगते, कारण कमिटीतही सुरुवातीला मला तेच करावं लागलं. बऱ्याच जणांना वाटतं की सेल फुटतो, आतलं केमिकल बाहेर येतं आणि त्याने इजा होते. तसं नाहीये. २० मिलीमीटर व्यासाचा लिथियमचा चपटा सेल, तोच सीआर २०३२ जो सगळीकडे दिसतो, लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो, आतला ओलसर भाग सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटतो, करंट वाहायला लागतो आणि निगेटिव्ह बाजूला तीव्र अल्कली तयार होऊन ती आतून जाळत जाते. सेल न फुटता हे सगळं होतं आणि दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. आणि ज्या सेलवर रिमोट चालेना म्हणून आपण तो काढून टेबलावर ठेवतो त्यातही एवढं व्होल्टेज शिल्लक असतं की तो हेच करू शकतो. बरेचदा गिळताना कोणी पाहिलेलं नसतं, मुलाला सांगता येत नाही, सुरुवातीला नुसता खोकला, लाळ गळणं किंवा न जेवणं एवढंच दिसतं, त्यामुळे वेळ जातो. (नुसती शंका आली तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं आणि एक्स-रे काढायचा, वाट बघायची नाही. विषय निघालाच आहे म्हणून सांगून ठेवते.)

आता उद्योगाला स्वतःहून कोड बनवावासा का वाटला, तर रेग्युलेटरने (वस्तूंच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने) त्यांना सांगितलं होतं की तुम्ही काहीतरी करा, नाहीतर आम्हाला कायदा करावा लागेल. बहुतेक कोड असेच जन्माला येतात, आणि यात वाईट काही नाही असं माझं मत आहे, कारण झाकण कसं बसतं, प्लास्टिक कुठे तडकतं, स्क्रूचं भोक कशाने झिजतं हे वस्तू बनवणाऱ्यांनाच सगळ्यात जास्त माहीत असतं, कायदा लिहिणाऱ्याला ते कुठून माहीत असणार. कायद्यात साधारण एवढंच लिहिलेलं असतं की बाजारात आणलेली वस्तू सुरक्षित असली पाहिजे. सुरक्षित म्हणजे किती जोर लावला तरी उघडता कामा नये, कितीदा पडली तरी तुटता कामा नये, हे मानकात, म्हणजे तज्ज्ञांनी मिळून लिहिलेल्या तांत्रिक नियमांत असतं. आणि उद्योगाचा कोड बहुतेक वेळा त्या मानकाकडे बोट दाखवून म्हणतो की आमचे सभासद हे पाळतील आणि त्याशिवाय अमुक अमुक करतील. असे तीन थर आहेत. ग्राहक म्हणून आपण फक्त पहिल्याबद्दल ओरडतो, आणि खरी लढाई दुसऱ्या-तिसऱ्या थरात होऊन गेलेली असते.

पहिल्या मीटिंगच्या आधी मसुदा आला. मी आधी टेस्टचा भाग काढून वाचायला बसले, पण आमच्या संघटनेतल्या एका जुन्या सरांनी (ते अशा कमिट्यांवर बरीच वर्षं बसलेत) फोन करून सांगितलं, अगं आधी व्याप्तीचं कलम वाच, अर्धं भांडण तिथेच असतं. आणि खरंच होतं. मसुद्यात लिहिलं होतं की हा कोड मुलांसाठी बनवलेल्या वस्तूंना लागू. ऐकायला एकदम बरोबर वाटतं, पण खेळण्यांसाठी नियम आधीपासूनच कडक आहेत. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ८१२४, युरोपचं ईएन ७१, विजेवरच्या खेळण्यांसाठी आयईसी या विद्युत उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ६२११५, या सगळ्यांत बॅटरीच्या कप्प्याबद्दल अटी आहेत, शिवाय तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातून सुटणारा कुठलाही तुकडा ३१.७ मिलीमीटर व्यासाच्या त्या ठरलेल्या सिलिंडरमध्ये मावता कामा नये ही जुनी टेस्ट आहेच. आमच्याकडच्या तक्रारी खेळण्यांच्या नव्हत्याच! रिमोट, वजनकाटा, थर्मामीटर, बॅटरीवरची मेणबत्ती, गाणं म्हणणारं ग्रीटिंग कार्ड, गाडीच्या किल्लीचा रिमोट, असल्या वस्तूंच्या होत्या, ज्या मोठ्यांसाठी बनवलेल्या असतात आणि मुलांच्या हातात सहज पडतात.

मी मीटिंगमध्ये हे सांगितलं, सगळ्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. मीटिंगचा लेखी अहवाल आला त्यात त्याचा उल्लेख एका ओळीत आणि मसुद्यात बदल शून्य. मग सरांनी सांगितलं की बोललेलं इथे टिकत नाही, कॉमेंट शीटवर लिहिलेलं टिकतं. कॉमेंट शीट म्हणजे एक साधा तक्ता. कलम क्रमांक, परिच्छेद किंवा आकृती, कॉमेंटचा प्रकार म्हणजे सर्वसाधारण, तांत्रिक की संपादकीय, मग तुमचं म्हणणं, आणि पुढचा रकाना तुम्ही सुचवलेला नेमका बदल. तो शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "व्याप्ती फार अरुंद आहे" एवढंच लिहिलं तर कमिटी "नोंद घेतली" म्हणून पुढे जाते. "या कलमातले हे शब्द काढा आणि त्याजागी ३२ मिलीमीटर किंवा त्यापेक्षा कमी व्यासाचे सेल असलेल्या, घरात वापरल्या जाणाऱ्या सर्व वस्तू असं घाला, कारण अमुक" असं लिहिलं की त्यांना स्वीकारा, अंशतः स्वीकारा किंवा कारण देऊन नाकारा, यातलं काहीतरी करावंच लागतं. नाकारलं तर ते कारण कागदावर राहतं. आयएसओ आणि आयईसीच्या आंतरराष्ट्रीय कमिट्यांमध्येही असाच तक्ता असतो, म्हणजे एकदा ही सवय लागली की कुठल्याही पातळीवर कामाला येते. ३२ मिलीमीटरचा आकडाही माझ्या मनाचा नव्हता, तो आयईसी ६२३६८-१ मधून घेतला होता, ऑडिओ-व्हिडिओ आणि आयटीच्या उपकरणांचं जे मानक आहे त्यात बटन सेलसाठी वेगळं कलम आहे आणि ते ३२ मिलीमीटरपर्यंतच्या सेलना लागू आहे.

दुसरीकडे आधीपासून मान्य झालेलं काहीतरी आहे हे दाखवता आलं की कमिटीतलं वातावरणच बदलतं. मी म्हणते म्हणून नाही तर आधीच बऱ्याच देशांच्या तज्ज्ञांनी बसून, भांडून हे लिहिलंय म्हणून. आणि त्या मानकांतही जोर उगाच येत नाही, आयएसओच्या मसुद्याला डीआयएस पातळीवर, म्हणजे तो देशांच्या मतदानाला जातो तेव्हा, कमिटीच्या सक्रिय सभासद देशांपैकी दोन तृतीयांश मतं बाजूने लागतात आणि विरोधातली मतं एकूण मतांच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त चालत नाहीत. शिवाय उत्पादकालाही तेच सोयीचं असतं, दर देशात झाकणाचा वेगळा नियम असेल तर त्याला एकाच रिमोटचे पाच साचे करावे लागतील. जागतिक व्यापार संघटनेचा तांत्रिक अडथळ्यांबद्दलचा जो करार १९९५ पासून लागू आहे तो देशांना हेच सांगतो की आंतरराष्ट्रीय मानक असेल तर त्याचा आधार घ्या, वेगळा नियम करायचा असेल तर इतर देशांना आधी कळवा आणि मत द्यायला वेळ द्या. सुरक्षेसाठी वेगळं वागायची मुभा त्यात आहे पण कारण द्यावं लागतं. मला हे कलम आधी व्यापाऱ्यांच्या फायद्याचं वाटायचं, कमिटीत बसल्यावर कळलं की छोट्या संघटनेला त्याचा केवढा आधार आहे, आमच्याकडे लॅब नाही, पैसा नाही, पण दुसऱ्यांनी केलेलं काम पुढे ठेवता येतं.

व्याप्ती शेवटी बदलली. सहज नाही बदलली, पण बदलली, आणि ज्याने सगळ्यात जास्त मदत केली तो एका उत्पादकाचा डिझाइन इंजिनिअर होता. तो म्हणाला की आम्ही रिमोटला आधीपासूनच स्क्रू लावतो, त्याचा खर्च आम्ही सोसतो, आणि आमच्या शेजारच्या शेल्फवर नुसतं सरकवायचं झाकण असलेला स्वस्त रिमोट असतो, कोड सगळ्या वस्तूंना लागू झाला तर आम्हाला हवाच आहे. उद्योग म्हणजे एक बाजू आणि ग्राहक म्हणजे दुसरी बाजू असं चित्र डोक्यात घेऊन मी गेले होते, तसं नसतं. चांगलं काम करणाऱ्या कंपनीला समान नियम हवा असतो, कारण नियम नसेल तर सुरक्षितपणा हा तिच्या एकटीच्या डोक्यावरचा खर्च होऊन बसतो.

यानंतर टेस्टचं कलम. इथे मी सगळ्यात जास्त शिकले. मसुद्यात लिहिलं होतं, झाकण मुलांना सहज उघडता येणार नाही असं असावं. "सहज" म्हणजे काय? दोन वेगळ्या लॅबनी एकच वस्तू तपासली आणि एकीने पास केली, दुसरीने नापास, तर त्या वाक्याला काही अर्थ राहत नाही. म्हणून मानकात डिझाइनची अट असते की कप्पा उघडायला एकतर स्क्रू-ड्रायव्हर किंवा नाणं असं काही साधन लागलं पाहिजे, किंवा हाताने उघडत असेल तर दोन वेगवेगळ्या हालचाली एकाच वेळी कराव्या लागल्या पाहिजेत. आणि त्या अटीमागे टेस्टची रांग असते. त्या बघायला आम्हाला लॅबमध्ये नेलं, आणि माझी सगळ्यांना विनंती आहे की अशा कमिटीवर गेलात तर लॅब बघितल्याशिवाय मत देऊ नका.

तिथे प्रत्येक टेस्टला नवा नमुना घेत नाहीत, तोच नमुना सगळ्यातून जातो. आधी तो गरम ओव्हनमध्ये ठेवतात, किमान ७० अंश सेल्सिअसला सात तास, म्हणजे साच्यातून निघताना प्लास्टिकमध्ये जो ताण राहिलेला असतो तो सुटतो आणि झाकण वाकायचं असेल तर तिथेच वाकतं. मग सेल दहा वेळा काढून परत घालतात, झाकण उघडून-लावून. मग उंचावरून टाकतात. हातात धरायच्या रिमोटसारख्या वस्तूवर ३३० न्यूटनचा दाब दहा सेकंद देतात, साधारण ३४ किलो वजन त्यावर पडावं एवढा. हे सगळं झाल्यावर कडक बोटासारख्या सळईने झाकणावर ३० न्यूटनने दाबतात, आणि फट दिसत असेल तर छोटा आकडा अडकवून २० न्यूटनने ओढतात. एवढं होऊनही सेल हाताला लागला नाही तर पास.

आमच्यासमोर एक शोभेचा दिवा होता, नवा असताना झाकण इतकं घट्ट होतं की माझं नख मोडलं असतं. ओव्हनमधून आला आणि झाकणाचा एक कोपरा किंचित उचललेला, डोळ्यांना नीट दिसतही नव्हता. दाब टेस्टपर्यंत पोचलाच नाही, खाली टाकल्याबरोबर झाकण एकीकडे आणि सेल दुसरीकडे. खोलीत कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. परत आल्यावर जे लोक म्हणत होते की आम्ही नव्या वस्तूवर टेस्ट करतो तेवढी पुरे, त्यांनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही. कारण घरात वस्तू नवी असते किती दिवस? ती उन्हात राहते, सोफ्यावरून पडते, तिच्यावर कोणीतरी बसतं. टेस्ट लिहिणं म्हणजे त्या वस्तूचं पुढचं आयुष्य आधीच लिहून काढणं आहे, आणि ते आयुष्य फक्त कारखान्यातल्या माणसाला माहीत नसतं, ज्यांच्या घरात ती वस्तू असते त्यांना माहीत असतं. म्हणून तिथे ग्राहकांचा माणूस हवाच हवा, शोभेला नाही.

एक मुद्दा मात्र असा आला की मला थांबून विचार करावा लागला. कोणीतरी म्हणालं की तुम्ही झाकण इतकं अवघड कराल तर संधिवात असलेल्या आजींना थर्मामीटरचा सेल बदलता येणार नाही, मग त्या झाकण काढून नुसती चिकटपट्टी लावतील आणि धोका वाढेल. ही अट टाळायची म्हणून दिलेलं कारण आहे असं मला पहिल्या क्षणी वाटलं, पण मुद्दा खरा आहे. औषधांच्या बाटल्यांच्या झाकणांबाबत हा प्रश्न फार पूर्वी येऊन गेलाय आणि आयएसओ ८३१७ ने तो कसा सोडवला ते मी शोधून काढलं. त्यात दोन गट असतात. ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांना बंद बाटली देतात, पाच मिनिटं, त्यातल्या किमान ८५ टक्के मुलांना ती उघडता येता कामा नये, मग उघडून दाखवतात आणि आणखी पाच मिनिटं देतात, तरीही शेवटी किमान ८० टक्के मुलं उघडू न शकलेलीच असली पाहिजेत. आणि त्याच बाटलीसाठी ५० ते ७० वर्षांच्या मोठ्या माणसांचा गट, त्यातल्या किमान ९० टक्के लोकांना ती उघडता आलीच पाहिजे. एकाच डिझाइनने दोन्ही परीक्षा पास व्हायच्या. मला हा विचार फार आवडला, मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यात निवड करायची नाही, दोघंही सांभाळायचे. आमच्या कोडमध्ये एवढी मोठी पॅनल टेस्ट आली नाही, खर्च जास्त होता, पण साध्या नाण्याने उघडणारा स्क्रू हा पर्याय स्पष्ट लिहिला गेला तो या चर्चेतूनच.

लेबलवरून सगळ्यात जास्त वाद झाला. मसुद्यात काही वस्तूंना अशी सूट होती की झाकणाची अट पाळता येत नसेल तर ठळक इशारा छापावा. आता इशारा हवाच, त्याबद्दल वाद नाही, बऱ्याच पालकांना सेलचा धोका माहीतच नसतो. पण सुरक्षित झाकणाच्या बदल्यात इशारा हे मला अजिबात मान्य नव्हतं. इथे कामाला आलं ते आयएसओ आणि आयईसीचं गाइड ५१, मानक लिहिणाऱ्यांसाठीच असलेलं मार्गदर्शक. त्यात धोका कमी करायचा क्रम दिलाय. आधी डिझाइनच असं करा की धोका राहणार नाही, ते जमत नसेल तर संरक्षक आवरण वगैरे लावा, आणि एवढं करून जो धोका उरतो त्याची माहिती वापरणाऱ्याला द्या. माहिती शेवटी. पायरी गाळून एकदम शेवटच्या पायरीवर जाता येत नाही. शिवाय साधी गोष्ट आहे, दीड वर्षाचं मूल लेबल वाचत नाही. मी कॉमेंट शीटवर गाइडचा संदर्भ देऊन ती सूट काढून टाकायचा बदल सुचवला, दोन-तीन वस्तूंसाठी उत्पादकांनी विरोध केला, मग ठरलं की ग्रीटिंग कार्डसारख्या ज्या वस्तूत सेल बदलायचाच नसतो तिथे तो कायमचा बंदिस्त करायचा आणि त्याची ओढून बघायची टेस्ट घ्यायची.

सगळंच मिळालं नाही. स्क्रू झाकणातून पूर्ण सुटून हरवू नये, अडकून राहावा, अशी अट मला हवी होती, अमेरिकेच्या यूएल ४२००ए या मानकात ती आहे. कारण घरात काय होतं, सेल बदलताना स्क्रू कुठेतरी घरंगळतो आणि झाकण तसंच दाबून बसवलं जातं, मग सगळी टेस्ट वाया. आमच्या कोडमध्ये ती शिफारस म्हणून आली, बंधनकारक म्हणून नाही. जुना माल विकून संपवायला दिलेली मुदतही मला जास्त वाटली आणि तसं मी नोंदवलं. आयएसओ-आयईसीच्या व्याख्येप्रमाणे सहमती म्हणजे सगळ्यांचं एकमत नव्हे, महत्त्वाच्या मुद्द्यावर कोणाचा ठाम विरोध शेवटपर्यंत टिकून राहिलेला नसणं. मी विरोध टिकवून धरायचा का, यावर संघटनेत आम्ही खूप बोललो. कोड अडवला तर आत्ता जे मिळालंय तेही लांबणार होतं. आम्ही हरकत नोंदवून मसुद्याला होकार दिला आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

कोड लागू झाला. आता जे सांगते ते सगळ्यात महत्त्वाचं. कोड फक्त सभासदांना लागू होतो! ज्या कंपन्या कमिटीत बसल्या, लॅबमध्ये आल्या, वाद घातला, त्यांच्या वस्तू खरोखर सुधारल्या, आम्ही स्वतः बाजारातून घेऊन बघितल्या. पण ऑनलाइन मार्केटप्लेसवर कुठल्या तरी नाव नसलेल्या विक्रेत्याने ठेवलेला दिवा, त्याला सभासदत्वच नको असतं, त्याला कोड कोण लागू करणार. आणि त्याच वस्तूंत आम्हाला नखाने उघडणारी झाकणं परत परत सापडत राहिली.

हे आमच्याच बाबतीत झालं असं नाही. ऑस्ट्रेलियात नेमका याच विषयावर २०१६ साली ऐच्छिक इंडस्ट्री कोड आला होता. त्याने धोका पुरेसा कमी झाला नाही असं तिथल्या रेग्युलेटरला आढळलं आणि डिसेंबर २०२० मध्ये बटन सेलसाठी बंधनकारक मानकं जाहीर झाली, १८ महिन्यांची मुदत देऊन २२ जून २०२२ पासून ती लागू झाली. त्यात चांगली गोष्ट अशी की त्यांनी टेस्ट नव्याने शोधत बसण्याऐवजी आधीच्याच मानकांची यादी दिली, खेळणं असेल तर हे, ऑडिओ-व्हिडिओ असेल तर ते, यातलं लागू पडेल ते पाळा. अमेरिकेत तर कायद्यातच असं आहे की ऐच्छिक मानकाने धोका पुरेसा कमी होत असेल आणि ते बहुतेक उत्पादक पाळतील अशी शक्यता असेल तर तिथल्या सीपीएससीने, म्हणजे ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षा आयोगाने, वेगळा नियम न करता त्यावरच विसंबायचं. म्हणजे दोन प्रश्न, मानक पुरेसं आहे का आणि ते पाळलं जातं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बटन सेलच्या बाबतीत समाधानकारक नव्हतं. एका दीड वर्षाच्या मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या नावाने ओळखला जाणारा रीसचा कायदा ऑगस्ट २०२२ मध्ये झाला आणि २०२३ मध्ये ते यूएल ४२००ए मानकच बंधनकारक केलं गेलं. ज्या मानकात स्क्रू अडकून राहायची अट आहे तेच.

हे दोन्ही दाखले मी आमच्या रेग्युलेटरला पाठवलेल्या निवेदनात घातले. माझं म्हणणं एवढंच होतं की कोड फेकून देऊ नका, त्यातल्या टेस्ट चांगल्या आहेत, त्यांनाच कायद्यातून बोट दाखवा म्हणजे सभासद नसलेल्यालाही त्या लागू होतील. युरोपात १९८५ पासून साधारण हीच पद्धत आहे, कायद्यात सुरक्षेची मूळ अपेक्षा लिहायची, तपशील मानकांवर सोपवायचा, आणि अधिकृत राजपत्रात नाव आलेलं मानक पाळलं तर कायदा पाळला असं धरायचं. पण मग एक प्रश्न उरतो जो मला आजही अस्वस्थ करतो. मानकं विकत घ्यावी लागतात, आणि महाग असतात. जो नियम मला लागू आहे किंवा माझ्या मुलाच्या जिवासाठी आहे तो वाचायला मी पैसे का भरायचे? मार्च २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या खेळण्यांच्या मानकांच्या प्रकरणात सांगितलं की अशी मानकं युरोपीय कायद्याचा भाग आहेत आणि ती लोकांना पाहायला मिळण्यात मोठं सार्वजनिक हित आहे. मला तो निकाल फार मोठा वाटतो. उद्योगातल्या मित्रांचं म्हणणं असं की मानक संस्था त्या विक्रीवरच चालतात, पैसा बंद झाला तर मानकं लिहिणार कोण. तेही खरं आहे, पण त्याची सोय दुसरीकडून झाली पाहिजे, वाचणाऱ्याच्या खिशातून नाही.

रेग्युलेटरने आता बंधनकारक नियमाचा मसुदा मतांसाठी खुला केलाय आणि कोडची दुसरी आवृत्तीही सुरू झालीये, स्क्रूची अट यावेळी बंधनकारकच्या रकान्यात आहे. त्यासाठी आमची कॉमेंट शीट मी भरतेय आणि त्यात सगळ्यात उपयोगी पडतायत त्या लोकांनी नीट लिहिलेल्या तक्रारी. "माझ्या मुलाने सेल गिळला, कंपनीवर कारवाई करा" यातलं दुःख मला कळतं पण त्यावरून मला टेस्ट बदलून घेता येत नाही. वस्तू कोणती, मॉडेल नंबर काय, कुठून घेतली, किती दिवस वापरात होती, झाकण स्क्रूचं होतं की सरकवायचं, सेल बाहेर आला तो पडल्यामुळे की मुलाने उघडल्यामुळे की आधी काढून ठेवलेला होता, स्क्रू जागेवर होता का, मुलाचं वय किती. एवढं लिहा, वस्तू आणि तुटलेलं झाकण फेकू नका, फोटो काढून ठेवा, आणि तक्रार कंपनीबरोबर रेग्युलेटरकडे आणि एखाद्या ग्राहक संघटनेकडेही करा. इजा झाली नसेल, नुसतं झाकण आपोआप उघडलं असेल तरीही करा.